सायलेन्सरच्या निमित्ताने मनूला

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास. बाबांच्या मते आपटलास, माझ्या मते रेंज गेली. म्हणून आता लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, तुला मध्येच ‘आई, झालं का पुन्हा सुरू’ म्हणता येत नाही आणि मला लिहिलेलं खोडता येतं. दाराचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले आहे.

तर फोटो. आपल्या जुन्या गाडीसाठी तू स्वतः नवा सायलेन्सर बनवतेयस, त्याचे. सगळे पाहिले, मोठे करकरून पाहिले. तू प्रत्येक फोटोखाली ‘मफलर’ लिहितेस आणि मला दर वेळी बाबांच्या गळ्यातला तपकिरी मफलर आठवतो. आपल्या घरात त्याला सायलेन्सरच म्हणत आले, मी तेच म्हणणार. जुना डबा उभा कापलास त्याचा फोटो बाबांनी बराच वेळ हातात धरला. मग एवढंच म्हणाले, “आतल्या जाळीत काही उरलंच नाही की.” बाहेरून धडधाकट आणि आतून चाळण. तू विचारलंस हे असं उलटं कसं. अगं, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. डबा चांगला तापला तर त्याची वाफ होऊन जाते. आपली गाडी कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची, डबा तापायच्या आतच इंजिन बंद. ते पाणी आणि धुरातली आम्लं, दोन्ही रात्रभर आत बसून राहायची. नव्या डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक ठेव. आवाजाला काही फरक पडत नाही आणि पाणी निघून जातं.

त्या डब्यावरचं ठिगळ पाहून तू लिहिलंस, ‘हे वेल्डिंग कुणी केलंय, डोळे मिटून?’ बाबा हसले. मी नाही हसले. ते ठिगळ तू चौथीत होतीस तेव्हाचं आहे. ते लावताना बाबांचा हात थरथरत होता. त्याचं कारण तुला आम्ही कधी सांगितलं नाही. ते पुढे सांगते, आधी कामाचं बोलू.

तुझं वेल्डिंग मात्र मी ताईला पाठवलं, मामाला पाठवलं, आणि ज्या शेजाऱ्यांना त्यातलं काही कळत नाही त्यांनाही दाखवलं. आजीच्या हातशिलाईसारखा टाका आहे, एकाला एक लागून, सगळे सारखे. रंगही फिकट सोनेरी, म्हणजे धातू जळलेला नाही. आतून आर्गॉन सोडला होतास ना? ३०४ स्टेनलेसला बाहेरून कितीही सुबक टाका घातला तरी नळीच्या आत हवा असेल तर मागची बाजू करपून खडबडीत, दाणेदार होते आणि पुढे तिथूनच तडा जातो. सोडला असशीलच. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आपली वीस वर्षं बॅटरी धरून उभी राहिलेली बाई. “उजेड इकडे गं” एवढंच माझं शिक्षण.

पण ध्वनी माझा विषय आहे, आणि तिथे तू चुकली आहेस.

तुझ्या आकृतीच्या कोपऱ्यात ३४० लिहिलंय. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ३००० आरपीएमला, मिनिटाला ३००० फेऱ्यांना, सेकंदाला १०० स्फोट. तोच तुझा त्रासदायक घुमणारा सूर, १०० हर्ट्झ. इथवर पैकीच्या पैकी. मग तू ३४० ला १०० ने भागून, त्याचा चौथा हिस्सा घेऊन ८५ सेंटिमीटरची बंद तोंडाची फांदी काढलीस, की तिच्यात जाऊन परत आलेली लाट मूळ लाटेला मारेल. पण ३४० हा वर्गातल्या हवेतल्या ध्वनीचा वेग आहे, मनू. धूर वर्गात बसलेला नसतो! तापमान वाढलं की ध्वनीचा वेग वाढतो, केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ४०० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास जातो. त्या वेगाला तुझी ८५ सेंटिमीटरची नळी १०० नाही, १५३ हर्ट्झला काम करेल. म्हणजे ४६०० आरपीएमला गाडी छान गप्प होईल आणि ३००० ला घुमतच राहील. तेहतीस वर्षं मीच फळ्यावर ३४० लिहीत आले, पुढे तापमानाचं बोलेपर्यंत तास संपायचा, तेव्हा ही चूक अर्धी माझी.

त्यातही गंमत अशी की बंद फांदीतून धूर वाहत नाही, त्यामुळे ती मुख्य नळीपेक्षा थंड असते. समज ३०० अंश, तर वेग ४८० आणि लांबी १२० सेंटिमीटर. नक्की किती ते कागदावर ठरत नाही. आणि एवढी लांब फांदी त्या गाडीखाली मावणार कुठे, ती आधीच जमिनीला टेकायला आलेली असते. त्यापेक्षा बाटली कर. आठवतं का, मी औषधाच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी घालून फुंकर मारायला शिकवायचे, तू स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर बसून एकच सूर काढत राहायचीस, आणि ताई कानात बोटं घालून ओरडायची? तीच. हेल्महोल्ट्झची बाटली, नळीला जोडली की स्वतःचा सूर गिळून टाकते. २५ मिलिमीटर व्यासाची, पाच सेंटिमीटर लांब मान. दोन्ही टोकांची भर धरून ती सात सेंटिमीटरसारखी वागते. ५२० चा वेग धरला तर १०० हर्ट्झसाठी पोटात सुमारे पावणेपाच लिटर जागा हवी. वायू थंड असेल तर जरा कमी लागेल, म्हणून मान बदलता येईल अशी कर. मान लांब केली की सूर खाली उतरतो, आखूड केली की चढतो. गाडीवर लावून, ऐकून, मग शेवटचा टाका.

बाकीच्या उंच, चिरक्या आवाजांना तुझी सरळ छिद्रांची नळी पुरे. तिच्यावर आधी स्टेनलेसची लोकर आणि वरून बसाल्टची, हा तुझा क्रम मला पटला. नुसती काचेची लोकर थेट छिद्रांवर गुंडाळली तर धूर ती तंतू-तंतू करून ओढून नेतो. फक्त सगळंच गप्प करू नकोस. त्या १७९८ सीसीच्या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरना मिळून एक्झॉस्टचं एकच दार आहे, चारांना तीन दारं. त्या गाडीचा जो घोगरा, गुरगुरता सूर आहे त्यात या दाटीवाटीचाही हात असावा, असं माझं मत आहे. बाबा त्याला ‘घसा बसलेला भागवतकार’ म्हणायचे.

बघ, दार हा शब्द मी काढला नाही, इंजिनाने काढला.

आता ती रात्र सांगतेच. दुसऱ्या दिवशी तुझी परीक्षा होती. डबा शिवणीवर फाटला होता. बाबांनी कधीतरी त्याची पट्टी गाडीच्या बुडाला रबराशिवाय, थेट पक्की केली होती. दोन मीटर स्टेनलेस ४०० अंशांनी तापलं तर जवळजवळ चौदा मिलिमीटर वाढतं. साधं लोखंड थोडं कमी, पण तेही वाढतंच. वाढायला जागा नाही मिळाली तर ते स्वतःलाच फाडून घेतं. (तुझ्या पट्ट्यांना रबर आहे, पाहिलं मी.) तर त्या फाटक्या डब्यानिशी बाबांना दोन्ही एसयू कार्बुरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारे, जुळवायचे होते. आवाज भयंकर. तू जागी होशील म्हणून त्यांनी शटर खाली ओढलं.

मी आत पेपर तपासत होते. इंजिनाचा आवाज येत होता आणि त्याकडे माझं लक्षही नव्हतं. मग केव्हातरी जाणवलं की तो फार वेळ एकाच सुरात येतोय. कार्बुरेटर लावणारा माणूस रेस कमी-जास्त करतो, थांबतो, शिव्या घालतो. हे तसं काहीच नव्हतं. मी गेले. बाबा चाकाला टेकून बसले होते, हातात स्क्रूड्रायव्हर. म्हणाले, “डोकं दुखतंय, जरा बसलोय.” बस्स, एवढंच. धड खोकलाही नव्हता. शटर मी कसं उचललं मला माहीत नाही, आज ते माझ्याने गुडघ्याच्या वर येत नाही. बाहेर ओढत आणल्यावर त्यांना उलटी झाली. पुढचे काही तास ऑक्सिजनवर. डॉक्टर म्हणाले, साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड. रक्ताला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त प्रिय. तुला सकाळी सांगितलं, बाबांना पित्त झालंय. तू पेपरला गेलीस. गणित होतं वाटतं.

म्हणून मी सारखं दार-दार करते. तुझ्या गॅरेजात वेल्डिंगला वारा चालत नाही, वाऱ्याने आर्गॉन उडून जातो, म्हणून तू दार लावतेस, हे मला कळतं. त्यासाठी मी रागावलेच नाही. पण दार लावलेलं आहे हे विसरून, टाका कसा बसलाय ते ऐकायला माणूस सहज चावी फिरवतो. आणि वर मी तुला सांगून बसले की मान बदल, ऐक, पुन्हा बदल. म्हणजे इंजिन दहादा सुरू करायला मीच लावलं. या जुन्या गाडीला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, गार इंजिन चोकवर असताना तर विचारूच नकोस. तिच्या धुरात हा वायू टक्क्यांनी मोजतात आणि माणसाला एका टक्क्याचा काही दशांश भाग पुरतो. तो हवेपेक्षा फारसा जड नाही की हलका नाही, तेव्हा ‘खाली फट आहे’ किंवा ‘वर झरोका आहे’ हे मला सांगू नकोस. गाडी ढकलून बाहेर काढ आणि मगच चावी. ढकलायला कुणी नसेल तर त्या दिवशी राहू दे. धोक्याची घंटा वाजवणारं ते यंत्र लाव, पण ते लावलं म्हणून दार लावू नकोस. शेपटीची नळी मागच्या बंपरच्या नीट बाहेर काढ, नाहीतर टप लावलेला असताना मागच्या बाजूने धूर आत ओढला जातो. आणि नळी पुसायला क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर वापरत असशील तर आजच फेकून दे, वेल्डिंगच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुने गॅस्केट घासू नकोस, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क नुसता गळ्यात अडकवून...

झालं सुरू. माफ कर. खोडणार होते, पण खोडत नाही.

रविवारी तू म्हणालीस, “तुला माझ्यावर विश्वास नाही.” आहे गं. विश्वास बाबांवरही होता. ते काही अडाणी नव्हते, मनू, वायूचं सगळं त्यांना माहीत होतं. मूल झोपलंय एवढाच विचार त्यांनी केला. मला तुझ्या हुशारीची भीती नाही वाटत, तुझ्या चांगुलपणाची वाटते. रात्री उशिरा काम करणार, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणणार आणि दार ओढून घेणार. नवा सायलेन्सर चांगला शांत झाला तर निदान ते कारण तरी उरणार नाही, या हिशेबाने मी ती पावणेपाच लिटरची बाटली तीनदा मोजलीय.

एक गोष्ट शाळेत मी दर वर्षी सांगायचे, तू ऐकली असशील. मशीनगन काढणारा हायरम मॅक्सिम स्वतःच्याच तोफा-बंदुकांच्या आवाजाने बहिरा झाला. त्याच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि मोटारींच्या सायलेन्सरवरही काम केलं. मुलं हसायची. या वर्षी शाळा नाही, पण परवा ती गोष्ट आठवली आणि मी बाबांकडे पाहिलं. ते तुझ्या डब्याचा फोटो उलटा धरून बघत होते.

बाबांचा व्यायाम सुरू आहे, डावा हात आता खांद्यापर्यंत जातो. गाडी तू नेलीस त्या दिवशी ते गॅरेजकडे गेले नाहीत, आणि मी ‘बाजारात तयार मिळतो, कशाला हा खटाटोप’ म्हणाले, ते त्यांच्यासाठी म्हणाले होते, तुझ्यासाठी नाही. तयार घेतला असता तर जाताना त्यांच्याकडे बघावं लागलं नसतं, असं काहीतरी डोक्यात होतं. मला ते त्या वेळी नीट सांगता आलं नाही. तू दुखावलीस हे दिसलं होतं.

जुन्या पट्टीचे दोन मूळ बोल्ट इथे डब्यात सापडले, ताई येईल तिच्याबरोबर पाठवते. ठिगळाचा तुकडा कापला असशील तर टाकू नकोस.

आणि बाबा म्हणतात, पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा आवाज रेकॉर्ड करून पाठव, आधी मंद, मग ३००० ला धरून. नुसता आवाज नको, व्हिडिओच पाठव. गाडी उघड्यावर आहे एवढं त्यात दिसू दे.

तुझी
आई