'चार चोर' आणि ट्विटरचा डोम

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरासाठी स्पीकर कसे निवडावेत, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रांत हा विषय क्वचितच येतो, म्हणून आनंद झाला. पण त्यातली ट्विटरची चौकट वाचून गिऱ्हाईक फसेल आणि विक्रेत्याचे फावेल, असे वाटले. (ट्विटर म्हणजे ते समाजमाध्यम नव्हे, त्याचे तर नव्याने बारसे झाले. हा पेटीतला बारीक, तीक्ष्ण स्वर काढणारा लहान स्पीकर.) टायटॅनियम सर्वांत टणक म्हणून सर्वांत स्वच्छ, सिल्क मऊ म्हणून मवाळ, अशी सरळसोट वाटणी त्या चौकटीत आहे. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे आकड्यांनी दाखवता येते.

डोम म्हणजे ट्विटरच्या मधोमध दिसणारा छोटा घुमट, बहुधा 25 किंवा 28 मिलिमीटर व्यासाचा. त्याच्या कडेला तारेची कॉइल चिकटवलेली असते आणि ती मॅग्नेटच्या अरुंद फटीत मागेपुढे होते. कॉइल, घुमट आणि भोवतालची लवचिक झालर यांचे मिळून वजन साधारण 0.3 ग्रॅम, म्हणजे तांदळाचे बारा-पंधरा दाणे. अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने 1958 च्या सुमारास एआर-3 या स्पीकरमध्ये घुमटाकार ट्विटर आणला, आणि आज घरगुती पेट्यांत बहुतांश तोच आकार दिसतो.

घुमटाकडून अपेक्षा एवढीच, की तो सबंध एकदम पुढे यावा आणि एकदम मागे जावा. एका ठरावीक कंपनसंख्येनंतर तसे होत नाही. कड पुढे गेली तरी मधला भाग मागे रेंगाळतो, किंवा उलट दिशेला निघतो. याला धंद्यात ब्रेकअप म्हणतात. घुमट कशाचा आहे यावर मुख्यतः दोन गोष्टी ठरतात: ब्रेकअप कुठे सुरू होतो, आणि सुरू झाला की तो किती आरडाओरडा करतो.

पहिली गोष्ट अवलंबून असते ती ताठपणाला घनतेने भागून येणाऱ्या आकड्यावर, नुसत्या टणकपणावर नव्हे. त्या भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे त्या पदार्थातून ध्वनी धावण्याचा वेग. अॅल्युमिनियममध्ये तो सेकंदाला सुमारे 5,100 मीटर, मॅग्नेशियममध्येही तेवढाच, आणि टायटॅनियममध्ये उलट किंचित कमी, 4,950 च्या आसपास. गंमत म्हणजे साधे पोलादही याच रांगेत बसते. टायटॅनियम ताठ आहे खरे, पण त्याच मापात जडही आहे. बेरिलियममध्ये मात्र हा वेग 12,500 आणि हिऱ्यात 17,000 च्या पुढे जातो. खरी उडी तिथे आहे.

टायटॅनियमचा हिशेब जवळून पाहू. घुमटाचा पत्रा साधारण 25 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. 25 मायक्रॉनचा टायटॅनियम आणि 42 मायक्रॉनचा अॅल्युमिनियम यांचे वजन जवळपास सारखे भरते. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे वजन सारखे ठेवले तर अॅल्युमिनियमचा घुमट वाकायला टायटॅनियमच्या जवळपास तिप्पट ताठ निघतो. शिवाय अॅल्युमिनियम टायटॅनियमच्या दसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. कॉइल अॅल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलेली असेल आणि नळी घुमटाला नीट चिकटलेली असेल, तर घुमटच कॉइलला थंड ठेवायला मदत करतो. मग टायटॅनियमचा एवढा बोलबाला कशामुळे? वारंवार वाकूनही ते सहसा तडकत नाही. मिरवणुकीत आणि मंडपात कर्ण्यामागे जे कॉम्प्रेशन ड्रायव्हर असतात, त्यांना तासन्‌तास हाणामारी सोसावी लागते. तिथे टायटॅनियम रास्तच आहे. तिथली कीर्ती दिवाणखान्यातल्या पेटीवर चिकटवणे मात्र रास्त नाही.

कापडी घुमटाची रीत अगदी वेगळी. रेशमी किंवा पॉलिस्टरच्या विणीवर चिकट लेप चढवून तो दाबून घडवतात. ('सिल्क' म्हणून विकले जाणारे कितीतरी घुमट पॉलिस्टरचे असतात. त्याने काही बिघडत नाही.) लेपाची कामे दोन: विणीतून हवा गळू न देणे आणि कंप गिळणे. त्याचा ब्रेकअप ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच, 10 किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होऊ शकतो. पण लेपामुळे तो शिखर (एकाच कंपनसंख्येवर आवाजाची एकदम उसळी) न काढता हळूहळू विरतो. मधला भाग मागे पडतो आणि वरच्या टोकाला कडेजवळची गोल पट्टीच तेवढी बोलत राहते. लेप जास्त झाला तर वजन वाढते. 0.30 चे 0.36 ग्रॅम झाले, की आवाज दीड डेसिबलने घसरतो. कमी झाला तर हवा गळते. म्हणून एकाच खोक्यातून निघालेले दोन स्वस्त सिल्क ट्विटर एकमेकांशी जुळत नाहीत. चांगले उत्पादक जोडी मोजून लावतात, आणि कापडी डोममध्ये खरी किंमत याच कामाची असते.

धातूचा घुमट याच्या उलट वागतो. 25 मिलिमीटरचा चांगला अॅल्युमिनियम डोम 25 ते 30 किलोहर्ट्झपर्यंत अखंड हलतो, आणि मग तिथे घंटेसारखा वाजतो. शिखर 10 डेसिबल किंवा त्याहूनही उंच असू शकते. पण ते कुणाला ऐकू येणार? तरुण कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ, चाळिशीनंतर तीही बरीच खाली येते. सीडीवर 22.05 किलोहर्ट्झच्या वर काही नोंदलेलेच नसते. 128 केबीपीएसच्या एमपी-थ्रीमध्ये तर 16 किलोहर्ट्झच्या आसपासच कात्री लागलेली असते. जे शिखर कुणी छेडतच नाही, त्याच्या माथी खणखणाटाचे पाप मारणे बरोबर नाही. सुरुवातीच्या काही धातूच्या डोमचे शिखर बरेच खाली, कानाच्या आवाक्यात होते. बदनामी तेव्हाची आहे, आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

मग कानाला टोचते ते काय? याची परीक्षा आपल्या भाषेतच तयार आहे. 'चार चोर' म्हणून पाहा. 'चार'मधला तालव्य च आणि 'चोर'मधला दंत्य च. पहिल्याच्या घर्षणाचा जोर साधारण 3 ते 4 किलोहर्ट्झवर असतो, दुसऱ्याचा 5 ते 8 वर. पहिला बरोबर त्या ठिकाणी पडतो जिथे वूफर (पेटीतला खालचे स्वर काढणारा मोठा स्पीकर) थांबतो आणि ट्विटर सुरू होतो. दुसरा सर्वस्वी ट्विटरच्या वाट्याला येतो. दोन्ही च एकसारखे वाटू लागले तर ट्विटर दबलेला आहे. 'चोर' थुंकी उडाल्यासारखा ऐकू आला तर ट्विटर जास्त मोठ्याने वाजतो आहे. 'चार' पोकळ वाटला तर जोडाच्या जागी खड्डा आहे. यांतल्या एकाही दोषाचा 27 किलोहर्ट्झवरच्या घंटेशी संबंध नाही. घुमट सिल्कचा असला तरी हे तिन्ही दोष येतात.

ते येतात मुख्यतः क्रॉसओव्हरमुळे, म्हणजे वूफर आणि ट्विटर यांच्यात स्वरांची वाटणी करणाऱ्या पेटीतल्या जोडणीमुळे. समजा सारख्याच विजेवर वूफर 87 डेसिबलचा आणि ट्विटर 91 डेसिबलचा आवाज काढतो. ही 4 डेसिबलची तफावत काढायला 8 ओमच्या ट्विटरला मालिकेत 3 ओम आणि ट्विटरला समांतर 13 ते 14 ओम रोधक लागतो. दोन रोधकांची किंमत ती काय! तरीही स्वस्त पेटीत नेमके तेच वगळले जातात आणि दोष 'मेटल डोम'वर ढकलला जातो. त्याहून स्वस्त पेटी उघडलीत तर ट्विटरच्या पायाला सोल्डर केलेला एकुलता एक कपॅसिटर दिसेल. 8 ओमला 4.7 मायक्रोफॅरडचा असेल तर तोडबिंदू (जिथून ट्विटरचे काम सुरू होते ती कंपनसंख्या) साधारण 4.2 किलोहर्ट्झ, 2.2 चा असेल तर 9 किलोहर्ट्झ. त्याच्या खाली उतार इतका मंद, की 1 किलोहर्ट्झचा आवाजही ट्विटरकडे बराच पोहोचतो. आणि कंपनसंख्या निम्मी झाली, की तेवढ्याच आवाजासाठी घुमटाला चौपट हलावे लागते. अर्ध्या मिलिमीटरची चाल असलेल्या कॉइलने ते कसे झेलावे? मोठ्या आवाजात ट्विटर चिरकतो तो याने. तोडबिंदू ट्विटरच्या स्वतःच्या अनुनादाच्या (ज्या कंपनसंख्येवर तो आपोआप जास्त थरथरतो तिच्या) निदान दुप्पट वर हवा, आणि उतार एकट्या कपॅसिटरच्या पहिल्या श्रेणीचा नव्हे, तर दुसऱ्या श्रेणीचा किंवा त्याहून तीव्र. घुमटाचा पदार्थ निवडण्याआधी हे ठरले पाहिजे.

बाजारातली एक चलाखी आपल्या लेखातून सुटली. 'टायटॅनियम कोटेड', 'टायटॅनियम फिनिश' अशा शब्दांनी विकले जाणारे, विशेषतः गाडीत बसवायचे, पुष्कळ ट्विटर मुळात मायलरसारख्या प्लास्टिक फिल्मचे असतात. त्यावर धातूचा इतका पातळ थर असतो, की ताठपणा प्लास्टिकचाच राहतो आणि चकाकी तेवढी धातूची. वाईट म्हणजे अशा फिल्मला ना लेपाचा आवर, ना धातूचा ताठपणा. ब्रेकअप ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, आणि खडबडीत. 'कोटेड' हा शब्द दिसला की 'आत काय आहे?' असे विचारावे.

बेरिलियम आणि हिरा यांविषयी थोडक्यात. यामाहाने 1974 मध्ये एनएस-1000 मध्ये बेरिलियमचे घुमट वापरले. बॉवर्स अँड विल्किन्सच्या हिऱ्याच्या घुमटाचा ब्रेकअप 70 किलोहर्ट्झच्या घरात जातो. अभियांत्रिकी म्हणून दोन्ही थोर. पण बेरिलियमची धूळ फुप्फुसाला अपायकारक असते, म्हणून असा घुमट फुटलाच तर तो हाताने चोळू नये, व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये. ओल्या कागदाने तुकडे टिपावेत, बंद पिशवीत घालावेत आणि ट्विटर उत्पादकाकडे पाठवावा. वापरलेले महागडे स्पीकर आता सर्रास हात बदलतात आणि ही सूचना मात्र कुणी सोबत देत नाही.

घरात लहान मूल असेल तर निवडीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो. बोटाने आत गेलेला कापडी घुमट बहुधा परत येतो. पुठ्ठ्याची नळी टेकवून तोंडाने हवा अलगद ओढावी, किंवा कमी चिकट मास्किंग टेप अगदी हलके लावून उचलावा. जोरदार टेपने लेपच निघून येतो. अॅल्युमिनियमचा घुमट बाहेर आला तरी घडी राहते, आणि घडी म्हणजे नवा अनुनाद. तिथे नवा डायफ्रॅम (घुमट, कॉइल आणि झालर यांचा जोड) घालण्यावाचून इलाज नाही. म्हणून धातूच्या डोमवरची जाळी काढून ठेवू नये. कापडी डोमवर धूळ बसते, कारण लेप मुळात चिकटच असतो. ती फडक्याने पुसू नये, स्पिरिट तर मुळीच लावू नये. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश पुरे. तोही नसेल तर धूळ राहू द्यावी, तिने आवाजात फरक पडत नाही.

पंधरा-वीस वर्षांचा ट्विटर मंदावला तर घुमट बदलायची घाई नको. मल्टिमीटर लावावा. 8 ओमचा ट्विटर साडेपाच ते साडेसहा ओम दाखवत असेल तर कॉइल शाबूत आहे. मग संशय फेरोफ्लुइडवर, म्हणजे फटीत भरलेल्या चुंबकीय द्रवावर. उष्णतेने तो दाट होऊन कॉइल पकडतो. डायफ्रॅम उचलून टीपकागदाची घडी फटीतून फिरवावी, कागद कोरडा येईपर्यंत. लोखंडाचा कण राहिला असेल तर टेपच्या चिकट बाजूने उचलावा, नाहीतर कॉइल घासते. नवा द्रव सिरिंजने, दोन-चार थेंबांच्या हिशेबाने भरावा. जास्त झाला तर वर येऊन घुमटाच्या पाठीला लागतो, आणि कापडी घुमटावर त्याचा डाग कायमचा.

दुकानात ऐकताना ट्रेबलचे बटण मधोमध ठेवावे, तुलनेला घेतलेल्या दोन्ही स्पीकर-जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा आणि मोबाइलवर नेलेल्या एखाद्या मराठी बातमीपत्राने सुरुवात करावी, टाळ-चिपळ्यांचा अभंग नंतर. समोर बसून ऐकल्यावर तीसेक अंश बाजूला सरकून पुन्हा ऐकावे. 25 मिलिमीटरचा घुमट 14 किलोहर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा समोर फेकतो, मग तो हिऱ्याचा असो की कापडाचा. आणि ट्विटर कानाच्या उंचीवर नसेल तर ही सगळी परीक्षा फुकट जाते. बहुतेक दुकानांत पेट्या छताजवळच्या फळीवर मांडलेल्या असतात. त्या खाली काढायला सांगाव्यात.

आपला,
स्पीकर जुळणी व दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे