बी विंगच्या लिफ्टमधला पेपर स्प्रे, आणि बंदीच्या प्रस्तावाला माझा विरोध

अध्यक्ष काका, नमस्कार.

गुरुवारी संध्याकाळी आपल्या लिफ्टमध्ये एका मुलीच्या बॅगेतला पेपर स्प्रे दाबला गेला, लॉक सरकलेलं होतं म्हणे, आणि चौथा मजला येईपर्यंत आतले तिघंही खोकून बेजार. हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्यानंतर दहा मिनिटांनी माझ्या सासूबाई त्याच लिफ्टमध्ये चढल्या, त्यांना दमा आहे, खाली कोणीच थांबवलं नाही. घरात इनहेलर होता म्हणून निभावलं तरी रात्री डॉक्टरांकडे न्यावंच लागलं.

आणि तरीही मी सांगते, स्प्रेवर बंदी नको. माझी मुलगी शिफ्ट संपवून रात्री अकराला ऐरोली स्टेशनवर उतरते, पुढचा रस्ता कसा असतो ते तुम्हीही बघितलंय. तिच्या पर्समध्ये तो डबा मीच ठेवलाय. आपल्याकडे त्याला लायसन्स लागत नाही, स्वसंरक्षणासाठी तो बाळगता येतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून थोडं सांगते. त्यात मिरचीचाच अर्क असतो, कॅप्सायसिन. आपल्या नसांमध्ये साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा एक रिसेप्टर असतो, कॅप्सायसिन नेमका तोच चालू करतं, म्हणून काही भाजलेलं नसतानाही मेंदूला आगच वाटते (हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं). डोळे आपोआप मिटतात, श्वासनलिका आवळते, ठसका थांबत नाही. धडधाकट माणूस तासाभरात सावरतो, पण दमेकऱ्याचा जीवही जाऊ शकतो, आणि लिफ्टसारख्या बंद जागेत तर कोणाचीच सुटका नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत लोकसभेत एका खासदाराने हा स्प्रे मारला तेव्हा एवढ्या मोठ्या सभागृहातूनही काही जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं, आपली लिफ्ट तर सहा माणसांची.

वॉचमनने त्या मुलीला ओल्या फडक्याने डोळे चोळायला सांगितलं, एका काकूंनी तूप लावलं. दोन्ही चूक, पण त्यांना दोष नाही, कोणी शिकवलंच नाही. कॅप्सायसिन तेलकट असतं, पाण्यात विरघळत नाही, मिरच्या कापल्यावर हात नुसते धुतले तर आग जात नाही तसंच. तुपाने ते कातडीवर अजून चिकटून राहतं. आधी मोकळ्या हवेत न्यायचं, चोळायचं नाही, लेन्स असतील तर हात धुऊन काढायच्या, डोळ्यांवर दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी धरायचं आणि कातडी साबणाने धुवायची. श्वास लागत असेल तर यातल्या कशासाठीही न थांबता थेट १०८ ला फोन.

लिफ्ट त्या दिवशी कोरड्या झाडूने झाडली, बटणं तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या दोन पोरांचे डोळे चुरचुरले ते त्यामुळेच असणार असं मला वाटतं. भिंती आणि बटणं साबणाच्या पाण्याने पुसायला हवी होती, हातमोजे घालून.

तर रविवारच्या मीटिंगमध्ये बंदीऐवजी हे घ्या: लिफ्टचा बंद पडलेला पंखा चालू करा, असं काही झालं की लिफ्ट थांबवून लॉबीची दारं उघडायची हे तिन्ही वॉचमनना सांगा, आणि स्टेशनच्या बाजूच्या गल्लीतल्या दिव्यांसाठी महापालिकेला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. डबा उन्हात गाडीत ठेवू नका, प्रेशरचा असतो, फुटू शकतो, हेही नोटीस बोर्डावर लावा. नोटीस मी लिहून देते, शनिवारी संध्याकाळी घेऊन येते.

आपली,
बी विंग, सातवा मजला