नकाशातली पांढरी जागा

येळ्ळूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

बेळगाव आणि आसपासच्या हिरव्या जागांचा तुझा नकाशा मिळाला. हिरवे तुकडे बरोबर दाखवलेस: किल्ला तलाव, व्हॅक्सिन डेपो, कॅम्पातली झाडी आणि खाली खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य. पण त्यांच्या मधलं सगळं पांढरंच सोडलंस, बाळ. खरं काम तिथंच आहे, जनावरांची एका तुकड्यातून दुसऱ्यात जायची वाट तिथूनच जाते.

२०२२ च्या ऑगस्टात बेळगावच्या गोल्फ मैदानावर बिबट्या आला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आठवतं ना? लोक विचारत होते, हा शहरात आलाच कसा? बसचं तिकीट काढून तर आला नसेल! झाडी, ऊस, ओढा असा आडोसा धरतच ही जनावरं फिरतात. बिबट्याची बातमी तरी होते. मुंगूस, घोरपड, बेडूक यांची कोण दखल घेतो? त्यांची वाट तुटली की ती एका तुकड्यात कोंडली जातात. त्या तुकड्याला आग लागली, रोग आला, तर बाहेरून नवीन कोणी येऊच शकत नाही.

आपल्या शिवारात ही वाट म्हणजे बळ्ळारी नाला, त्याला मिळणारे ओढे आणि बांध. नवा लेआउट, म्हणजे शेतात घरांचे प्लॉट, पडला की जेसीबी पहिल्यांदा बांधावर चढतो. करंज, जांभूळ, बांबू जातात. ओढ्यात सिमेंटच्या दोन नळ्या टाकतात आणि वरून रस्ता. पावसाळ्यात नळ्या तुडुंब, मग जनावर वर रस्त्यावर येतं. पहिल्या पावसानंतर सकाळी डांबरावर चपटे झालेले बेडूक बघवत नाहीत. त्याच जागी रुंद चौकोनी मोरी बांधून आत एका कडेला पाण्याच्या वर हातभर कोरडी पायरी सोडली, तर मुंगूस खालूनच जाईल. पेंचच्या जंगलात हमरस्त्याखालून वाघ जातात, इथं एक पायरी जड आहे का?

जमिनीचं मात्र जपून बोल. तुझा काका म्हणतो, गुंठ्याला भाव आलाय आणि तुम्ही झुडपांचं काय सांगता? डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाचं हे बोलणं मला अगदीच चूक वाटत नाही. पण लेआउटवाल्याला बागेसाठी जागा सोडावीच लागते. तो कुठलातरी विकला न जाणारा तिकोनी कोपरा सोडतो. तीच जागा नाल्याला लागून सोडायला लावा. शेजारच्या लेआउटचीही तशीच. मग काठानं सलग पट्टा तयार होतो आणि कुणाची गुंठाभर जास्त जमीन जात नाही. नाल्याची स्वतःची जागा तर बी-खराब, म्हणजे पिकाखाली नसलेली सार्वजनिक जमीन, म्हणून सरकारी दप्तरी आहेच. जुने मोजणी नकाशे मिळव, त्यावरचे ओढे आधी उतरव आणि मग रस्ते आखा. उलट केलंत की ओढ्याला गटारच व्हावं लागतं.

भातकापणी उरकली, मसूर पेरून झाला की ये. नाल्याकाठानं चालत जाऊ, काकालाही घेऊ. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. आईनं चिवडा दिलाय, डबा परत पाठव.

तुझा,
बाबा