स्त्रीबीजदाती निवडताना तुम्ही भेटलात म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

समुपदेशक म्हणून तुम्ही इतक्या जोडप्यांशी बोलता की आम्ही तुमच्या लक्षात असूच असं नाही. मी मात्र तुमचं बोलणं विसरलेले नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण दुसऱ्या बाईचं बीज घ्यावं की नाही या विचाराने झोप उडालेलं कुणीतरी आजही असेलच.

चाळिशीच्या आतच माझ्या बीजांडकोशांनी काम थांबवत आणलं होतं. बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणाऱ्या एएमएच या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन मी तुमच्यासमोर बसले, तेव्हा तुम्ही आधी धीर दिला नाहीत, आधी माहिती दिलीत. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत सुमारे १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढच्या सगळ्या वर्षांत जेमतेम चार-पाचशे पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. शंभरातल्या साधारण एकीचा हा साठा चाळिशीच्या आधीच संपत येतो, आणि पुष्कळदा त्याचं कारणही सापडत नाही. ‘तुझं काही चुकलं नाही’ असं घरचेही म्हणत होते. मला ते पटलं तुमच्यामुळे.

मग आली दातींची ती यादी. वय, उंची, वर्ण, शिक्षण, रक्तगट. माझी नजर सारखी उंचीवर आणि डोळ्यांच्या रंगावर जात होती, माझ्यासारखी कोण दिसते ते शोधत. तुम्ही ते थांबवलं नाहीत. आपलं बाळ आपल्यासारखं दिसावं असं वाटण्यात गैर काही नाही, असंच म्हणालात. पण रक्तगटाच्या रकान्याशी येऊन विचारलंत, ‘हा जुळायला हवा, तो कशासाठी?’ वैद्यकीयदृष्ट्या त्याची तशी गरज नसते. पुढे कुणाला कळू नये म्हणूनच लोक तो जुळवतात. उत्तर आम्हा दोघांनाही कळलं, आणि लपवायचं की सांगायचं हा खरा प्रश्न पहिल्यांदा टेबलावर आला.

त्यानंतर काय पाहायचं तेही तुम्हीच दाखवलंत. दातीचं वय सगळ्यात आधी, कारण यश बऱ्याच अंशी बीजाच्या वयावर ठरतं, गर्भाशयाच्या वयाचा परिणाम त्यामानाने कमी. मग एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या, घराण्यातल्या आजारांचा इतिहास, आणि थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची ती वाहक आहे का, म्हणजे स्वतःला त्रास नसताना त्याचं जनुक तिच्यात आहे का. ती आणि माझे यजमान दोघंही एकाच आजाराचे वाहक निघाले, तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून नाव पक्कं करण्याआधी यजमानांची रक्ततपासणी करायला लावलीत. ही गोष्ट आम्हाला स्वतःहून सुचली नसती.

पण सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या अनोळखी मुलीबद्दल तुम्ही आम्हाला नीट सांगितलंत. तिला सुमारे दहा-बारा दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, अधूनमधून सोनोग्राफी, रक्ततपासणी. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर साधारण ३६ तासांनी भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनिमार्गातून सुईने बीजं काढतात. एरवी त्या महिन्यात विरून गेली असती अशीच बीजं औषधांनी वाढतात, त्यामुळे तिचा पुढचा साठा यात संपत नाही. पण पोट फुगणं, दुखणं, क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग, आणि बीजांडकोश औषधांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देऊन सुजणं हे धोके तिचे असतात. बाळ मात्र आमचं. ‘या सगळ्याची तिला पूर्ण कल्पना आहे का, तिच्यावर कुणाचा दबाव नाही ना, तिला काही त्रास झाला तर उपचारांची सोय आहे का, हे रुग्णालयाला विचारा,’ असं तुम्ही बजावलंत. आम्ही विचारलं. समाधानकारक उत्तरं मिळाली, तेव्हाच होकार दिला. तिचं नाव आम्हाला माहीत नाही, पण तिच्याकडे बीज पुरवणारी म्हणून पाहणं त्या दिवसापासून शक्यच राहिलं नाही.

माझे धोकेही तुम्ही झाकले नाहीत. दातीच्या बीजापासून राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तपासण्या चुकवू नकोस, आणि जुळ्यांच्या मोहाने गर्भाशयात एकदम दोन भ्रूण सोडायचा हट्ट धरू नकोस. दोन्ही ऐकलं. रक्तदाब वाढलाच, पण वेळेवर लक्षात आला.

जनुकं माझी नाहीत, मग मी बाळाची कोण, हे मी रडत विचारलं होतं. ‘पोटात वाढलं की सगळं तुझंच होतं’ असली गोड समजूत तुम्ही घातली नाहीत. जनुकं दातीचीच असतील, म्हणालात, आणि आई तूच असशील. दोन्ही एकदमच खरं आहे, ते तसंच बाळाला सांगता येईल.

आणि सांगायचंच, हे तुम्ही आग्रहाने म्हणालात. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंद झालेल्या दात्यांची ओळख मुलांना अठराव्या वर्षी मागता येते. जिथे असा कायदा नाही तिथेही घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांमुळे गुप्ततेची हमी आता कुणालाच देता येत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोंबॉक यांनी अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. ही मुलं छान वाढतात, आणि लहानपणीच सांगितलेलं असेल तर नाती अधिक मोकळी राहतात, हे तुम्ही त्यांच्याच कामातून आम्हाला समजावलंत.

मुलगी आता बोलायला लागलीय. एका मावशीने आईला एक इवलंसं बीज दिलं, इथपासून आम्ही सुरुवात केलीय. तिला अजून फारसं कळत नाही, पण आम्हाला बोलायची सवय होतेय.

ताई, माझी एक मैत्रीण लवकरच तुमच्याकडे येईल. यादी बघून लगेच नाव सांगायची घाई तिला झालीय. तिलाही तेवढाच वेळ द्या.

तुमची कृतज्ञ,
एक आई