इरुंगाट्टुकोट्टईच्या जाळीपाशी भेटलेल्यांना

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकल शर्यतींचे फोटो काढायला पुण्याहून एकटाच गेलो होतो. ओळखीचं कोणी नाही, तमिळ येत नाही. तरी इतकी माणसं मदतीला धावली की नावं विचारायचंच राहून गेलं. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी पांढऱ्या दाढीच्या काकांचे. माझ्या प्रत्येक फोटोत कुंपणाची तार येत होती. काकांनी हाताला धरून सावलीतल्या कुंपणाकडे नेलं, लेन्स जाळीला अगदी टेकवायला लावली, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडायला सांगितलं. तार दिसेनाशी झाली! मग शटरचा वेग १/१००० सेकंदावरून १/१२५ सेकंदावर, म्हणजे हळू, आणायला लावलं. "गाडी उभी दिसतेय, चाकं फिरू देत," असं मोडक्या हिंदीत म्हणाले. पाय रोवायचे, कमरेतून वळायचं, क्लिक झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहायचं, हे माझे खांदे धरून शिकवलं. शंभरातले चारच जमले, पण त्या चारांत हेल्मेट लख्ख आणि मागचं गवत नुसत्या हिरव्या रेघा!

सर आली तेव्हा स्वतः भिजत माझ्या कॅमेऱ्यावर छत्री धरणाऱ्या ताईंचेही मनापासून आभार.

आणि वळणावरचे मार्शल, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षेची माणसं. एक स्वार घसरला, तेव्हा मी कॅमेरा खाली घेईपर्यंत धोक्याचा पिवळा झेंडा हलत होता आणि दोघे त्याच्याकडे धावलेही होते. तुम्हाला मनापासून नमस्कार.

काका, त्या चार फोटोंच्या प्रिंट काढून ठेवल्यात. पुढच्या फेरीला त्याच जागी घेऊन येतोय.