तिकिटावरचं बहरीन

मनामा, बहरीन

प्रिय मित्रा,

सातवीच्या सुट्टीतलं आपलं भांडण आठवतंय? रेवदंड्याला तुझ्या आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं ते तिकीट. पाचव्या जॉर्जचं तोंड, 'इंडिया पोस्टेज' ही अक्षरं आणि त्यांच्यावर काळ्या शाईत आडवं छापलेलं 'बहरीन'. तू म्हणालास, छपाईची चूक आहे. मी म्हणालो, चूक असेल तर लाख रुपये येतील. शेवटी ते तुझ्याच वहीत गेलं आणि मी चार दिवस अबोला धरला.

तर साहेब, ती चूक नव्हती. इथलं पहिलं टपाल कार्यालय 1884 साली उघडलं, तेच मुळी हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. 1933 पासून आपल्याच तिकिटांवर बहरीनचं नाव छापून ती इथं विकली जायची. म्हणजे तू चुकलास आणि मीही. फिटलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवाचा बाजार. मुहर्रकच्या जुन्या सूकमध्ये हलव्याच्या दुकानी उभा होतो. समोरचा म्हातारा बहरीनी शंभर फिल्सचं नाणं पुढे सरकवत म्हणाला, "रुबिया." मला वाटलं, मी भारतीय दिसतो म्हणून थट्टा करतोय. पण नाही. इथं 1965 पर्यंत रुपयाच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी आपले रुपये इकडे वाहून यायला लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने 1959 साली खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे दिनार आला, दहा रुपयांना एक. दिनारचे हजार फिल्स, म्हणजे शंभर फिल्सचा एक रुपया. नोटा गेल्या, पण म्हाताऱ्यांच्या तोंडातला रुपया काही सुटला नाही. पंख्याला 'बंका', बुटांना 'जूती', लोणच्याला 'अचार' आणि आंब्याला चक्क 'हंबा'! आपल्या आंब्याला समुद्र ओलांडताना नुसता एक 'ह' चिकटला.

हे सगळं इथवर आलं ते मोत्यांमुळे. तेल निघालं 1932 साली, आखाताच्या अरब किनाऱ्यावर सगळ्यात आधी इथंच. त्याआधी या बेटाचं पोट मोत्यांवर चालायचं आणि त्या मोत्यांचं मोठं गिऱ्हाईक मुंबई. उन्हाळ्याचे चार महिने शेकडो गलबतं समुद्रात. गलबताचा तांडेल तो 'नोखदा', बुडी मारणारा 'घव्वास', वर दोर धरून बसणारा 'सैब'. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांची जाळी आणि मिनिटभराचा श्वास. खालून दोराला हिसका बसला की सैबाने ओढायचं. त्याचं चित्त क्षणभर दुसरीकडे गेलं तर संपलंच. प्रत्येक मोठ्या गलबतावर एक गाणारा असायचा, 'नह्हाम'. काम त्याचं एकच, गाऊन सगळ्यांना चालतं ठेवायचं. ते गाणं, 'फिजिरी', मी मुहर्रकमध्ये प्रत्यक्ष ऐकलं. टाळ्या, ढोल, मातीचे रांजण, आणि मधूनच जमिनीतून आल्यासारखा घोगरा खर्ज. अंगावर काटा आला. पण गाण्यावर भाळून जाऊ नकोस. घव्वास हंगामाआधी उचल घ्यायचा, हंगाम संपला तरी ती फिटायची नाही, आणि बाप मेला की कर्ज पोराच्या डोक्यावर. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या उचलीसारखंच, फक्त पाण्याखाली. मग जपानचे शेतीतले मोती आले आणि काही वर्षांतच बाजार बसला.

मला मात्र सगळ्यात भावल्या त्या किनाऱ्यावरच्या बायका. चार महिने उलटून पाचवा लागला की त्या समुद्रावर जायच्या आणि झावळी पेटवून पाण्याला चटका द्यायच्या. "तोब तोब या बहर", म्हणजे समुद्रा, आता तरी तोबा कर! आपले कोळी नारळ वाहून दर्याची मनधरणी करतात, इथल्या बायका त्याला डागण्या देतात. दर्याला कुणाचं जास्त कळत असेल, सांग.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. सकाळी 'बलालीत' म्हणून एक प्रकार मिळतो. वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि वर पसरलेलं अंड्याचं ऑम्लेट. पहिल्या दिवशी ताट बाजूला सारलं. आता शुक्रवारी आपणहून मागतो, हे आईला सांगू नकोस. रमजानच्या मध्यावर 'गरगाऊन' असतं. पोरं गळ्यात पिशव्या अडकवून गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि सुकामेवा-गोळ्या गोळा करतात. मला तुमच्या आळीतला भोंडला आणि खिरापतीसाठीची ढकलाढकली आठवली.

किल्ला तुझ्यासाठी राखून ठेवला होता. कलात अल-बहरीन. वर पोर्तुगीजांची तटबंदी, आणि खाली खणत गेलं तर चार हजार वर्षांपूर्वीच्या दिल्मुन संस्कृतीचं शहर. सिंधू खोऱ्यातली वजनं त्या मातीत सापडली आहेत. पोर्तुगीज इथं घुसले 1521 साली. आता तुझ्या रेवदंड्याचा कोट आठव. तिथं, म्हणजे तेव्हाच्या चौलला, त्यांनी किल्ल्याला हात घातला तोही 1521 सालीच! इथून त्यांना 1602 मध्ये हाकललं. आपल्याकडे मात्र ते 1740 पर्यंत ठाण मांडून होते. बुरुजावर उभा राहिलो, खारा वारा आला, आणि खरं सांगतो, खाली तुझी सायकल टेकवलेली असेल असं वाटून गेलं.

वाळवंटात एकटंच एक झाड आहे, 'शजरत अल-हयात', जीवनवृक्ष. चारशे वर्षांचं सांगतात. आजूबाजूला पाण्याचा थेंब दिसत नाही. बघायला गेलो तर पानं ओळखीची. अरे, शमी! पांडवांनी शस्त्रं लपवली ती. दसरा चार दिवसांवर होता, पण झाडाला कुंपण आहे, हात लावता येत नाही. लांबूनच नमस्कार केला. शेजारचा केरळी ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला.

आता तुझी तक्रार, की मी आठ महिन्यांत पत्र नाही टाकलं. इथं अधारी नावाचा एक झरा होता. पाटाने लांबच्या बागा भिजवायचा आणि काठावरची शेतं कोरडी. त्यावरून इथले लोक म्हणतात, अधारी लांबच्याला पाजते, जवळच्याला विसरते. वाचल्या वाचल्या तुझाच चेहरा समोर आला. म्हणून हे एवढं लांबण.

ते तिकीट अजून वहीत असेल तर त्याचा एक फोटो पाठव. हलव्याच्या दुकानातल्या त्या म्हाताऱ्याला दाखवायचा आहे. मागत नाही, घाबरू नकोस.

तुझाच,
रेवदंड्याचा अर्धा वाटेकरी