पहिल्या खेपेच्या वड्यांबद्दल

नेरूळ,
रविवार सकाळ

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

सोबतचा डबा उघडण्याआधी हे पत्र वाच. तू आधी डबाच उघडशील हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

मागच्या महिन्यात पाठवलेल्या खजुराच्या वड्या खराब झाल्या होत्या. हे तुला माहीत आहे आणि मलाही. मला कसं कळलं ते सांगतो. त्यातल्या चार मी घरी ठेवल्या होत्या, तशाच बटर पेपरमध्ये, तशाच डब्यात, वर तारीख घालून. ठाणे-बेलापूर रोडवरच्या लॅबमध्ये ३१ वर्षं हेच केलं. माल गेटबाहेर गेला तरी त्याच बॅचचा नमुना कपाटात राहतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की काढून बघायला. सवय सुटत नाही. पाचव्या दिवशी डबा उघडला तर वड्यांवर पांढरी लव, आणि वास ताडीसारखा आंबूस. आणि आठव्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "मस्त झाल्यात बाबा, रोज एक खाते."

रोज एक! मी गप्प बसलो. आईलाही सांगितलं नाही, नाहीतर तिने शेजारीपाजारी वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं.

चूक अगदी बाळबोध होती, म्हणून जास्त लागली. तू दिवाळीत आणलेला तो परदेशी बार आठवतो? त्याच्या वेष्टनावर तीनच नावं होती: खजूर, बदाम, काजू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे खजूर सगळ्यात जास्त. भट्टी नाही, पाक नाही, सगळं कच्चंच. मला वाटलं, हे तर आपण ओट्यावर करू. मग मी आणला खोक्यातला तो काळा, लोण्यासारखा मऊ खजूर, ज्याला सगळे कीमिया म्हणतात. मूळ जात मझाफती, इराणमधल्या बम भागातली. खायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण दुकानदार तो फ्रिजमध्ये का ठेवतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्यात पाणीच भरपूर असतं. आणि एवढ्यावर न थांबता, मिक्सरला सोपं जावं म्हणून मी तो अर्धा तास कोमट पाण्यात भिजवला.

तू डॉक्टर आहेस, जंतूंचं तुला मी काय सांगू. पण पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे यावर सगळं ठरतं. खजुरातली साखर पाण्याला धरून ठेवते, म्हणून वाळवंटातला खजूर महिनोन्‌महिने टिकतो. लॅबमध्ये आम्ही त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणायचो. शुद्ध पाण्याची १. साधारण ०.९ च्या खाली बहुतेक बॅक्टेरिया गप्प होतात, बुरशी आणि यीस्ट मात्र त्याच्याही बरंच खाली तग धरतात, आणि ०.६ च्या खाली कोणीच वाढत नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या मालाचा ओलावा तपासला, त्याने स्वतःच्या वडीत वाटीभर पाणी मुरवून ती बंद डब्यात घालून नागपूरला धाडली. असो.

तर या खेपेला सानपाड्याला उतरून रिक्षाने एपीएमसीच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, मसाला मार्केटला गेलो. मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना नेहमीच्या सात-आठ शिंका झाल्या. रमजान असल्यामुळे खजुराचे नुसते डोंगर. या वेळी झाहिदी घेतला, पिवळट तपकिरी, जरा घट्ट आणि कोरडा. दिसायला गरीब, पण वडीला हाच. चेपलेल्या विटेसारखं पाकीट मिळतं तेही चालतं. बिनबियांचा म्हटला तरी प्रत्येक खजूर उभा फाडून बघायचा: बीचा तुकडा राहतो, कधी आत काळी भुकटी असते, म्हणजे किडा येऊन गेला. या वेळी असे अकरा निघाले. माळेतल्या सुक्या अंजिरांचंही तेच, म्हणून अंजीर घातलेच नाहीत. एवढा धीर नव्हता.

मऊ करायला पाणी नाही. ताटलीत पसरून गॅलरीत तासभर उन्हात ठेवला, वर मलमल. ऊन लागलं की तो आपणहून नरम येतो. पावसाळ्यात हे इथे जमणार नाही; खाडीवरून येणाऱ्या हवेत पापडसुद्धा मान टाकतात. तेव्हा सरळ डावभर तुपावर परतून घ्यावा, मग कच्चा म्हणवून घेण्याचा हट्ट सोडायचा.

तसा कच्चा हा शब्दच जरा फसवा. दुकानात कच्चा म्हणून मिळणारा काजू कच्चा नसतो. टरफलात जळजळीत तेल असतं, म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात आणि मगच फोडतात. खरा कच्चा काजू म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याकडचा ओला काजूगर. आजी मार्चमध्ये उसळीसाठी ते सोलायची आणि चिकाने तिच्या बोटांची सालं निघायची. तू लहानपणी तिचे हात बघून, आजी साप आहे का, असं विचारलं होतंस. सगळ्यांत जोरात तीच हसली होती.

प्रमाण लिहून घे. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, बदाम १००, काजू ५०, अक्रोड ५०. अक्रोड घालण्याआधी एक चावून बघ. खवट असेल तर अख्खी बॅच खवट लागेल, आणि त्याला उपाय नाही. शिवाय मूठभर तासगावचे बेदाणे, धुऊन पूर्ण वाळवलेले. चिमूटभर मीठ, पाव चमचा सुंठ, एका लिंबाच्या सालीचा कीस. मीठ विसरू नकोस, त्याशिवाय गोड नुसतं तोंडात बसतं. मी यात फणसपोळीचे बारीक तुकडेही घातलेत. ते कोणत्याही परदेशी बारमध्ये मिळायचे नाहीत.

सुकामेवा आधी, थांबून थांबून फिरवायचा. एकसारखा फिरवला की तेल सुटतं आणि चटणी होते. तो बाजूला काढून मग खजूर, थोडा थोडा. मी सगळा एकदम घातला तर मिक्सर घूं करून बंद पडला. जळला म्हणून मी घाबरलो, तुझी आई शांतपणे आली, मिक्सर उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि निघून गेली. चाळीस वर्षांच्या संसारात ते बटण मी पहिल्यांदा पाहिलं.

तुझ्या होस्टेलवर मिक्सर नाही, त्याचं काही अडत नाही. सुरीला तेलाचं बोट लाव, मेवा बारीक चिर, खजूर हातानेच कणकेसारखा मळ. नंतर ताटात बटर पेपर घालून थापायचं, वरून सपाट बुडाच्या वाटीने अगदी जोर लावून दाबायचं, साधारण बोटाच्या जाडीचं. जोर कमी पडला तर वड्या कापताना भुगा होतो. दोन तास फ्रिजमध्ये, मग काप. या मापात बारा होतात, एकीत साधारण १५० कॅलरी. रात्रीच्या ड्युटीला एक पुरे. तीन खाल्ल्यास तर जेवण झालं समज, पण जेवणाच्या जागी रोज नको. आईचं मत: "हा लाडूच आहे, इस्त्री फिरवलेला." तरी संकष्टीला तिने दोन खाल्ल्या.

नागपुरात आता ऊन चढेल. डबा फ्रिजमध्ये ठेव. कॉमन फ्रिजमधून मैत्रिणी पळवतील, पळवू देत. बाहेर ठेवल्यास तर आठवड्यात संपव. पांढरं काही दिसलं किंवा आंबूस वास आला, तर फक्त ती वडी काढून बाकीच्या खात बसू नकोस, सगळा डबा टाक. आणि मला सांग. मागच्या वेळी माझं मन राखायला खोटं बोललीस हे कळतं मला. पण लॅबमध्ये आम्हांला सगळ्यात अवघड जायचं ते तक्रारच न करणारं गिऱ्हाईक. त्याला पुढच्या वेळीही तोच माल जायचा.

याही वेळी चार वड्या घरी ठेवल्यात, तारीख घातली आहे. दोन फ्रिजमध्ये, दोन बाहेर टेबलावर. पुढच्या रविवारी फोन करीन तेव्हा दोन्ही डबे माझ्यासमोर उघडे असतील.

तुझा,
बाबा

ता. क. रिकामा डबा टाकू नकोस, परत आण. तो आईच्या माहेरचा आहे आणि मी तिला न विचारता पाठवला आहे.